हातावरची लाल फुली

माझ्या डाव्या हाताला माझ्यापेक्षा जास्त मालक आहेत. आई सकाळी चहाच्या आधी तो तपासते. शेजारच्या आंटी जिन्यात भेटल्या की माझ्या तोंडाकडे न बघता मनगटाकडे बघून विचारतात, "अब कैसा है?" जणू मी त्याला फिरायला घेऊन निघाले आहे. मराठी मंडळातल्या काकू विचारतही नाहीत, सरळ हात लावतात.

मनगटाच्या थोडं वर, आतल्या बाजूला, माझी एक शीर एका धमनीला जोडलेली आहे. माझी मूत्रपिंडं काम करत नाहीत, म्हणून आठवड्यातून तीनदा रक्त बाहेर काढून, यंत्रातून गाळून परत आत सोडावं लागतं. साध्या शिरेला तो वेग झेपत नाही. धमनीचं जोराचं रक्त शिरेत सोडलं की काही आठवड्यांत ती जाड होते आणि मग तिच्यात दोन सुया घालता येतात. या जोडाला फिस्टुला म्हणतात. त्यावर बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते, जुन्या फ्रिजवर हात ठेवल्यासारखी. ती लागते तोवर हात चालू आहे. ती थांबली तर तडक हॉस्पिटल. डॉक्टर लोक या थरथरीला 'थ्रिल' म्हणतात. हा शब्द ज्याने निवडला त्याला मला एकदा भेटायचं आहे.

ज्यांचा हात नुकताच जोडला आहे किंवा जोडायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. काय करायचं आणि काय नाही, हे डॉक्टर सांगतीलच. घरचे लोक काय करतील, ते मात्र डॉक्टर सांगत नाहीत.

रिपोर्ट

लखनौच्या हजरतगंजमधल्या एका ऑफिसात मी कंपन्यांचे इंग्रजी अहवाल तपासते. कमी बोलून करता येतं, म्हणून हे काम मला आवडतं. दोन-तीन महिने थकवा होता, सकाळी चेहरा सुजायचा. आई आधी म्हणाली झोप जास्त होते, मग म्हणाली झोप कमी होते. शेवटी मीच जेवणाच्या सुट्टीत जवळच्या लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं.

दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या माणसाने रिपोर्ट पाहिला आणि पाकीट हातात द्यायच्या आधी म्हणाला, "मैम, किसी बड़े को साथ ले आइए."

मी सव्वीस वर्षांची होते. मी म्हटलं, "मैं ही हूँ."

बाहेर जिन्यात उभी राहून मी तो वाचला, फोनवर त्यातले शब्द शोधले आणि परत ऑफिसात जाऊन अर्धा राहिलेला अहवाल पूर्ण केला. धैर्य वगैरे काही नव्हतं. सुट्टी मागायची तर कारण सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी बाबांनी चष्मा लावून आकडा पाहिला आणि म्हणाले, "मशीन बिघडलं असेल. दुसरीकडे करू." बाबा रेल्वेत रुळांचे इंजिनियर आहेत, आकडा पटला नाही तर पुन्हा मोजायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. दुसरीकडे केलं. तिसरीकडेही केलं. प्रत्येक ठिकाणी आकडा थोडा जास्तच आला. आईने सगळा दोष लखनौच्या पाण्यावर टाकला. "इथलं पाणीच जड. साताऱ्याहून आले त्या दिवसापासून सांगतेय, पण माझं कोण ऐकतं?" लखनौला येऊन आम्हाला बावीस वर्षं झाली होती. मी इथेच वाढले. तेच पाणी पिऊन आईची मूत्रपिंडं ठणठणीत आहेत, हे मी बोलले नाही.

डायलिसिस लगेच सुरू करावं लागलं आणि हात तयार नव्हता, म्हणून मानेच्या बाजूने एक नळी आत घातली. तिची दोन टोकं बाहेर लोंबत असत, एक लाल, एक निळं. ती भिजवायची नाही, ओढायची नाही, तिच्यावर झोपायचं नाही. तिच्यातून जंतू गेले तर थेट रक्तात. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ये नली मेहमान है. हाथ तैयार हो जाए, फिर इसे विदा करेंगे. जितने दिन ये, उतने दिन ख़तरा."

म्हणजे पुढचं सगळं त्या हातावर होतं. हात टिकला तर नळी जाणार.

हात सगळ्यांचा

ऑपरेशन तसं छोटंच. सर्जनने जांभळ्या पेनाने हातावर दोन रेघा आणि एक ठिपका काढला, हात बधिर केला आणि पडद्यापलीकडे काम सुरू केलं. मधूनच ते कुणाशी तरी मुलाच्या शाळेच्या ॲडमिशनबद्दल बोलत होते. शेवटी त्यांनी माझंच बोट नेऊन पट्टीच्या वर ठेवलं. "महसूस हुआ?" मी "जी" म्हटलं. खरं तर मला अजून थोडा वेळ बोट तिथे ठेवायचं होतं. बऱ्याच दिवसांनी माझ्या शरीरात काहीतरी जोरात चालू होतं.

नियम साधे आहेत. सकाळ-संध्याकाळ थरथर बघा. त्या हातावर ब्लडप्रेशर मोजू देऊ नका, त्यातून तपासणीचं रक्त काढू देऊ नका. घड्याळ, बांगडी, घट्ट बाही नको. जड पिशवी नको. त्या कुशीवर झोपू नका. जखम भरली की डॉक्टर सांगतील तेव्हा रबरी चेंडू दाबा. डायलिसिसच्या आधी साबणाने हात धुवा. लालसर झाला, दुखला, गरम लागला तर लगेच दाखवा.

हे नियम पाळणं अवघड नाही. ते घरच्यांनी पाळणं फार अवघड आहे.

आई मला पाण्याचा तांब्या उजव्या हातानेही उचलू देईना. "हात तो हातच," ती म्हणायची. पण त्याच डाव्या हाताला धरून ती मला रस्ता ओलांडायला लावायची, कारण लहानपणापासून मी तिच्या उजव्या बाजूला चालते. मी हात सोडवला की म्हणायची, "आता आईचा हातही नको झाला का?"

मावशीला तिने फोनवर "फिस्टुला केलाय" एवढंच सांगितलं. लखनौच्या भिंतींवर या शब्दाच्या जाहिराती मूळव्याधीशेजारी असतात, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. साताऱ्यातही तसंच असणार, कारण मावशीने मला बसायला मधे भोक असलेली उशी पाठवली. कुरियरने.

चैत्रात मंडळाच्या एका काकूंकडे हळदीकुंकू होतं. मला जायचं नव्हतं. आई म्हणाली, "लोक विचारतात गं. तोंड दाखवून ये." तोंड कुणी पाहिलंच नाही. काकूंनी कुंकू लावलं, मोकळ्या मनगटाकडे पाहिलं आणि काचेच्या हिरव्या बांगड्या काढल्या.

"एक तरी घाल गं. असा भुंडा हात बरा दिसत नाही."

"अहो, चालत नाही तिला," आई म्हणाली. "हात लावून बघा ना, म्हणजे कळेल."

काकूंनी हात लावला आणि किंचाळल्या. "अगं बाई! भुंगा आहे की आत!"

मग रांगच लागली. आंब्याची डाळ आणि पन्हं एका हातात, दुसरा हात माझ्या मनगटावर. कुणी डोळे मिटून बघत होतं, कुणी कान लावत होतं. एकीने नातीला उचलून "बघ, ताईच्या हातात मोबाइल आहे, व्हायब्रेट होतोय," असं सांगितलं. आई शेजारी उभी राहून सगळ्यांना समजावत होती, आणि मला वाटतं, तिला थोडा अभिमानही वाटत होता. मी हसत होते. माझं ते हसू ओळखणारं तिथे कुणी नव्हतं.

घरी येऊन मी कपाटातून पूर्ण बाह्यांचे कुडते काढले आणि तेच वापरायला लागले, लखनौच्या मे महिन्यात. बाही सैल ठेवली की नियम मोडत नाही आणि कुणाला काही दिसतही नाही.

पण हॉस्पिटलात याचा उलटा त्रास झाला. ब्लडप्रेशरचं यंत्र नेहमी डावीकडे असतं. नर्स न बघता डावा हात ओढायची. मी तो काढून घ्यायचे आणि उजवा पुढे करायचे. दोन-तीनदा बाबांनी हे पाहिलं.

"अगं, बोल की. तोंड आहे ना?"

"मी सांगितलं."

"कुणाला? स्वतःला?"

फुली

बाबांचं काम समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रुळाला आतून तडा गेला तर तो वरून दिसत नाही. यंत्राने तपासतात, आणि जिथे दोष सापडतो तिथे रुळावर लाल रंगाने फुली मारतात. एक फुली म्हणजे लक्ष ठेवा. तीन फुल्या म्हणजे ताबडतोब बदला. लाइनवरच्या प्रत्येक माणसाला ती भाषा कळते. बाबांनी तीस वर्षं ती भाषा वापरली आहे. ती फक्त रुळांवरच चालते, असं त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

हात जोडून पाचेक आठवडे झाले होते. मॅडम म्हणाल्या होत्या, मस्त तयार होतोय, थोडेच दिवस. आणि एका रविवारी दुपारी मला अशी थंडी भरली की दात वाजायला लागले. नळी असलेल्याला थंडी वाजून ताप आला की घरी थांबायचं नसतं. आमचं हॉस्पिटल कानपूर रोडवर, सरोजिनी नगरच्या बाजूला; आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, महानगर नावाच्या वस्तीत. आईने दोन पांघरुणं माझ्यावर टाकली आणि बाबांनी गाडी काढली.

हॉस्पिटलच्या दारात मला व्हीलचेअरवर बसवलं. बाबांनी शर्टाच्या खिशातून लाल जाड मार्कर काढला.

"बाबा, काय करताय?"

"रविवार आहे. डायलिसिसची माणसं नसणार, कॅज्युअल्टीत सगळे नवीन असतील. मी गाडी लावून येईपर्यंत तू काही बोलणार नाहीस. आणि तुझी आई सगळं बोलेल, हे एवढं सोडून."

"अहो, मी काय—" आई म्हणाली.

"हात बोलेल," बाबा म्हणाले, आणि माझी बाही वर करून बरोब्बर त्या फुगलेल्या शिरेवर एक फुली मारली. ठसठशीत, लाल. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एकच मारलीय." विनोद होता तो. मला हसायला त्राण नव्हतं, आणि भांडायलाही.

पुढचं दहा मिनिटांत झालं असेल. आई डॉक्टरांना माझा आजार पहिल्या दिवसापासून सांगायला लागली, म्हणजे सुजलेल्या चेहऱ्यापासून, मग लखनौच्या पाण्यापासून. मी पांघरुणात डोळे मिटून थरथरत होते. एका नर्सने उजव्या हातात रक्तासाठी दोनदा सुई टोचली. शिरा मिळत नव्हत्या, त्या केव्हाच दमल्या होत्या. मग तिने पांघरुणाची दुसरी बाजू उचलली आणि मला तिचा आवाज ऐकू आला, अगदी सुटका झाल्यासारखा.

"अच्छा, यहाँ नस मार्क कर रखी है."

मी डोळे उघडून "नहीं" म्हणेपर्यंत सुई आत होती. मी हात झटकला. ते सगळ्यात वाईट झालं. सुई आतल्या आत फिरली आणि फुलीच्या खाली कातडी वर यायला लागली, लिंबाएवढी. नर्स घाबरली आणि अंगठ्याने पूर्ण जोर लावून तिथे दाबलं. तेवढ्यात बाबा आले.

"ये क्या किया! निशान नहीं दिखा?"

"निशान देखकर ही तो लगाया, अंकल! लगा डॉक्टर साहब ने नस दिखा रखी है."

"लाल क्रॉस है वो! लाल क्रॉस का मतलब ख़तरा! हाथ मत लगाओ!"

"क्रॉस का मतलब यहीं से, अंकल. ऑपरेशन में भी निशान वहीं लगता है जहाँ काटना हो."

"रेलवे में—"

"ये रेलवे नहीं है, अंकल," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मला दोघांचंही पटत होतं, आणि दोघांचाही गळा धरावासा वाटत होता. फुगलेल्या हातात फिस्टुला आहे हे नर्सला कळायला हवं होतं. आणि माणसाच्या हातावर रुळाची खूण कुणी करत नाही, हे बाबांना कळायला हवं होतं. दोघांच्या मधे हात माझा होता.

मी उजव्या हाताचं बोट सुजेवर ठेवलं. आत काहीच नव्हतं. फ्रिज बंद पडला होता.

सूज

ताप नळीतल्या जंतूंमुळेच होता. अँटिबायोटिक सुरू झालं, मला ठेवून घेतलं. सकाळी मॅडम आल्या, हाताची सोनोग्राफी झाली. आत साठलेलं रक्त शिरेला बाहेरून दाबत होतं. प्रवाह होता, पण बारीक. मॅडमनी फुलीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि फाइलमध्ये लिहायला लागल्या. बाबांना त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"अब इंतज़ार," त्या म्हणाल्या. "कोई सुई नहीं. खुला रहा तो अच्छा. बंद हुआ तो ऊपर, कोहनी के पास नया बनाना पड़ेगा. तब तक नली." म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, आणि ज्या नळीने आत्ताच आपली करामत दाखवली होती तीच मानेत आणखी कित्येक आठवडे.

तिसऱ्या दिवशी बोटाखाली काहीतरी लागलं. इतकं बारीक, की आधी मला वाटलं माझंच बोट थरथरतंय. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांनी हात लावला असता.

सूज निळी झाली, मग हिरवी, मग पिवळी. फुली मात्र तशीच. मार्कर चांगल्या कंपनीचा होता. डायलिसिसला माझ्या शेजारच्या खुर्चीवर सक्सेना अंकल असतात. त्यांच्या हातात आठ वर्षं जुना फिस्टुला आहे, दोरखंडासारखा. त्यांनी माझ्या हाताकडे बघून विचारलं, "बिटिया, वोट डाल आईं? किसको दिया?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं, फुलीपासून. ते इतके हसले की त्यांच्या यंत्राचा अलार्म वाजला आणि टेक्निशियन रिज़वान भैया धावत आले.

घरी कुणी हसत नव्हतं. आईने मंडळातल्या प्रत्येकीला फोन केला. "रुळांवर फुल्या मारता मारता पोरीच्या हातावर मारली हो," हे वाक्य मी भिंतीपलीकडून इतक्यांदा ऐकलं की मला त्याची चाल पाठ झाली. बाबा शेजारच्याच खोलीत असायचे.

आणि बाबांनी माझ्या हाताबद्दल विचारणं बंद केलं. डायलिसिसला सोडायला यायचे, आणि आत न येता बाहेर चहाच्या टपरीवर बसून राहायचे. एक दिवस त्यांनी माझ्या टेबलावर नवा स्टेथोस्कोप ठेवला होता, हातातल्या रक्ताचा आवाज ऐकण्यासाठी. मी शेवटी म्हटलं, "बाबा, विचारा ना, कसा आहे ते."

"मी न विचारलेलंच बरं."

आता या उत्तराचं मी काय करायचं? चूक त्यांची, सुजलेला हात माझा, आणि समजूतही मीच काढायची? ज्यांच्या घरात असं झालं असेल त्यांना सांगते: रागावण्यापेक्षा समोरच्याच्या पश्चात्तापाची सेवा करण्यातच जास्त दम जातो. तो सांभाळावा लागतो, दुखावेल म्हणून जपून बोलावं लागतं. मला एकच गोष्ट जपायची होती, आता दोन झाल्या.

मी एक गोष्ट केली. एक वाक्य पाठ केलं: "लेफ़्ट हैंड में फ़िस्टुला है, इसमें कुछ नहीं होगा." बाथरूममध्ये नळ सोडून म्हणून पाहिलं. पहिल्यांदा खरोखर म्हटलं तेव्हा आवाज इतका मोठा निघाला की ब्लडप्रेशरवाली नर्स दचकली. "हाँ हाँ मैडम, डाँटिए मत," ती म्हणाली. मी माफी मागितली. पण यंत्र उजव्या हाताला लागलं. बाह्याही मी आता कोपरापर्यंत दुमडते. ज्याला हात बघायचा त्याने बघावा, लावायचा मात्र नाही. काकूंनाही तसं सांगितलं. काकू आईला म्हणाल्या, "मुलगी फार फटकळ झालीय हो." आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी फटकळ म्हटलं.

दोन भोकं

नळी शेवटी निघाली, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. ती निघाल्यावर डोक्यावरून तांब्या तांब्या पाणी ओतून केलेली अंघोळ हा वेगळाच विषय आहे. मला सांगायचंय ते तिच्या आधीच्या एका डायलिसिसबद्दल.

सूज गेली, थरथर पूर्ववत झाली, सोनोग्राफी बरी आली. रिज़वान भैयांनी आधी एकच बारीक सुई हातात घालून बाकी काम नळीवर चालवलं. मग दोन सुया. मॅडम म्हणाल्या, सलग काही वेळा दोन्ही नीट चालू देत, मग नळी काढू. त्या दिवशी शेवटची परीक्षा होती. हात फुगला नाही, रक्त फुटलं नाही, तर पुढच्या वेळी नळी नाही.

सुया काढल्या की भोकांवर कापसाची घडी ठेवून बोटांनी दाबून धरावं लागतं. दोन सुया म्हणजे दोन भोकं. एक मी उजव्या हाताने दाबते, दुसरं आई. आईला नेमका खोकला झाला होता आणि खोकणाऱ्याला त्या खोलीत सोडत नाहीत. आई घरी होती. बाबा टपरीवर.

"भैया, बाहेर माझे वडील आहेत," मी हिंदीत सांगितलं. "त्यांना बोलवा."

बाबा आले ते दाराशीच थांबले. "नर्स नाही का कुणी?"

"सगळ्या कामात आहेत. या."

"तुझी आई नसताना... दुसरं कुणी..."

"बाबा, या."

त्यांनी हात धुतले. नखांपर्यंत, दोनदा. रिज़वान भैयांनी एक सुई काढली, मी दाबलं. दुसरी काढली आणि म्हणाले, "अंकल, आप यहाँ." तेवढ्यात पलीकडचं यंत्र ओरडायला लागलं आणि ते तिकडे गेले.

बाबांनी दोन बोटं कापसावर ठेवली, साबणाच्या फेसावर ठेवावीत तशी. कापूस लाल झाला आणि एक धार कोपराकडे निघाली.

"बाबा, दाबा!"

त्यांनी दाबलं. रुळाचा बोल्ट आवळावा तसं. माझ्या बोटाखालची थरथर एकदम थांबली.

"इतकं नाही! बंद पडेल तो!"

त्यांनी हातच उचलला. रक्त परत आलं.

"सोडू नका!" मी ओरडले. त्या खोलीत मी कधी ओरडले नव्हते. सक्सेना अंकलनी एक डोळा उघडला. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता आणि ते दाराकडे बघत होते, कुणी तरी येऊन त्यांना सोडवेल म्हणून. मी माझा हात नेऊन त्यांची बोटं नीट ठेवू शकत नव्हते. माझा हात दुसऱ्या भोकावर अडकला होता. फक्त बोलता येत होतं.

"माझ्याकडे बघा. परत ठेवा बोटं. दाबा. थोडं कमी. अजून थोडं. बास. आता वरचं बोट जरा पुढे घ्या, कापसाच्या बाहेर. तिथे खाली थरथर लागली पाहिजे. आणि रक्त येता कामा नये. दोन्ही एकाच वेळी."

त्या रविवारनंतर त्यांनी हाताला स्पर्श केला नव्हता. त्यांनी डोळे मिटले. भुवया जवळ आल्या. कापसाची लाली होती तेवढीच राहिली.

"लागतंय?"

त्यांनी वरचं बोट केसभर पुढे सरकवलं.

"लागतंय," ते म्हणाले.

"मग एवढंच. हलू नका."

"नाही हलत." मग थोड्या वेळाने, डोळे न उघडता, "किती वेळ धरायचं?"

समोर भिंतीवर घड्याळ होतं.

"मी सांगेपर्यंत," मी म्हटलं.